लटकवा म्हणणं सोपंय हो

वरच्या पोस्टीत म्हणताय की पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या केसमध्ये १९८३ ला येरवडा तुरुंगात चौघांना फासावर दिलं तसं प्रत्येक दरोडेखोराला द्या. राग कळतो, आमच्या सोलापुरात नव्या पेठेत चहाला थांबलं तरी हेच ऐकू येतं. पण नाशिकची २००३ ची दरोडा-खुनाची केस बघा की, २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सांगितली आणि २०१९ ला त्याच कोर्टानं सहाच्या सहा निर्दोष सोडले, वर प्रत्येकी ५ लाख भरपाई! जिवंत वाचलेल्या बाईनं आधी पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चारजण ओळखले होते म्हणे, ते दाबलंच गेलं. मधल्या काळात लटकवलं असतं तर ते ५ लाख कुणाच्या हातात ठेवणार होता? आणि खरे दरोडेखोर कुठायत?