अमेरिकेच्या ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) सोडतीबाबत सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा (ऑक्टोबर २०२३)

बी-४०४ : सकाळी ग्रुपवर आलेला ‘अमेरिकेची ग्रीन कार्ड लॉटरी, भारतीयांसाठी सुवर्णसंधी’ हा संदेश वाचून आमच्या ह्यांनी त्यातील एजंटाला नोंदणीचे पाच हजार रुपये भरून टाकले. ह्यांचा जन्म साताऱ्याचा. कोणाला खात्रीशीर माहिती असल्यास कृपया कळवावे.

ए-७०२ : वहिनी, वाईट वाटते, पण ते पैसे बुडाले असेच धरून चाला. ज्या देशातून मागील पाच वर्षांत ५०,००० हून अधिक लोक अमेरिकेत कायमचे राहायला गेले, त्या देशात जन्मलेल्यांना या सोडतीत सहसा भाग घेता येत नाही. भारत त्या यादीत चीन, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यासोबत आहे. शिवाय या अर्जाला यंदा शुल्कच नाही. तो अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर ७ नोव्हेंबरपर्यंत भरायचा आहे आणि निकालही तिथेच, मे महिन्यापासून, अर्ज भरल्यावर मिळणाऱ्या पुष्टी क्रमांकावरून पाहायचा आहे.

सी-१०३ : आमची मुलगी मस्कतला जन्मली, कारण तेव्हा हे तिथे नोकरीला होते. पासपोर्ट मात्र भारतीय आहे. तिचे काय?

ए-७०२ : ती अर्ज करू शकते. इथे नागरिकत्व नाही, जन्मदेश पाहतात आणि ओमान पात्र देशांत आहे. (याच न्यायाने म्हापशात जन्मलेला गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊनही सोडतीबाहेरच राहतो.) बारावीपर्यंतचे शिक्षण पूर्ण झालेले हवे, ते नसल्यास, जे काम शिकायलाच दोन वर्षे लागतात अशा कामाचा गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. अर्ज एकच भरावा, कारण दोन भरल्यास दोन्ही बाद होतात. लग्न झाले असेल, तर जावईबापूंचे नाव घालणे सक्तीचे आहे. ते राहिले, तर पुढे सगळेच प्रकरण बाद होते.

सी-१०३ : लग्न मे महिन्यातच झाले. मस्कतचा जन्मदाखला आत्ताच कपाटातल्या फाइलीतून काढून ठेवला. धाकटा पुण्यात जन्मला, त्याला बहिणीचा आधार घेता येईल का?

ए-७०२ : नाही, भावंडांचा आधार चालत नाही. मुलीच्या फोटोकडेही लक्ष द्या: पासपोर्टसाठी काढलेला जुना फोटो चालणार नाही, सहा महिन्यांच्या आतला, बिनचष्म्याचा आणि अगदी चौरस हवा. नाव निघाले तरी लगेच बॅगा भरू नका. वर्षाला जास्तीत जास्त ५५,००० व्हिसा असतात, निवड त्याहून पुष्कळ अधिक लोकांची होते आणि मुलाखतीसह सारे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत पुरे व्हावे लागते.

बी-४०४ : एजंटाचा आत्ताच संदेश आला की ह्यांची ‘निवड झाली’ असून आणखी बारा हजार भरायचे आहेत.

सचिव : वहिनी, एक रुपयाही पाठवू नका. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. सकाळचा तो संदेश ज्यांनी टाकला, त्यांनी तो आत्ता ग्रुपवरून काढावा.

बी-४०४ : तो ह्यांनीच टाकला होता. काढायला सांगते.