मदत हवी आहे: उसाच्या पावतीवरचा टन आणि दरातला क्विंटल

नमस्कार मंडळी. २०२४-२५ च्या हंगामाचा उसाचा हिशोब वडिलांऐवजी मी जुळवतोय, पहिल्यांदाच. एका खेपेच्या वजनपावतीवर भरलेली गाडी २७.८४०, रिकामी ९.३८०, निव्वळ १८.४६० टन असं आहे. टन म्हणजे १००० किलो, तर शेवटचे ४६० हे किलोच ना? वडील सरळ "साडेअठरा टन" म्हणून मोकळे होतात, पण त्यात ४० किलोंचा फरक पडतो आणि असे फरक खेपेखेपेला साठतात.

खरा घोळ दराचा आहे. एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान दर) जाहीर झाली क्विंटलला ३४० रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). १० क्विंटलचा टन, म्हणून टनाला ३४००. पुढे उताऱ्यातल्या प्रत्येक ०.१ टक्का वाढीला क्विंटलमागे ३.३२ रुपये, म्हणजे टनामागे ३३.२० धरायचे, बरोबर? आणि यातून तोडणी-वाहतूक वजा होते ती टनावरच ना?

सोयाबीन विकताना सगळं क्विंटलमध्येच असतं, तिथे कधी अडलो नाही. आजोबांची जुनी वही तर मण आणि खंडीत आहे. २० मणांची खंडी हे माहीत आहे, पण तुमच्याकडे मण किती किलोंचा धरतात? गावाच्या नावासकट सांगितलंत तर फार उपयोग होईल.