आजोबांची १९६८ ची जीप आणि शेडमधलं ऑइल इंजिन: आधी कशाला हात घालू?

पन्हाळा_वर्कशॉप

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव पन्हाळा तालुक्यात. घराला लागून पत्र्याची शेड आहे. जागा एका कामाची आणि आत यंत्रं दोन.

पहिली म्हणजे आजोबांची महिंद्रा सीजे-३बी, १९६८ ची, पेट्रोल, उंच बॉनेटची. खतापासून पाहुण्यांपर्यंत सगळं हिच्यातून यायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि एसटी अलीकडंच थांबली की आजोबा जीप घेऊन माणसं आणायला जायचे. ते गेल्यापासून गाडी उभी आहे, पण कायम छपराखाली. इंजिन जाम नाही, हँडल घातलं की फिरतं. गेज लावून कॉम्प्रेशन बघितलं तर पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर शंभर पीएसआयच्या आसपास दाखवतात, तिसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं, तरी काटा हलला नाही. ड्रायव्हर सीटखाली टाकी बसते तिथला पत्रा खाल्लाय. स्टिअरिंगला भरपूर प्ले आहे. हँडब्रेक धरत नाही.

दुसरं, विहिरीवरचं ऑइल इंजिन. लिस्टर धर्तीचं, एक सिलिंडर, ६ हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम, दोन्ही बाजूंना मोठी चक्रं. विजेची मोटर आल्यावर ते बाजूला पडलं. आता काकांनी घरापुरता गूळ करायचं मनावर घेतलंय. छोटा तीन लाटांचा, ऊस पिळायचा चरक आहे, तो ह्या इंजिनावर पट्ट्यानं चालवायचा. दिवाळीपर्यंत करून देतो असा शब्द मी दिलाय. इंजिन सुरू होतं, पण लोडवर आलं की काळा धूर टाकतं आणि ठोका देतं.

मी साखर कारखान्यात फिटर आहे, तेव्हा हत्यारं आणि हात दोन्ही आहेत. वेळ मात्र सुट्टीचाच, आणि गळीत सुरू झालं की तोही नाही. जीप आधी घेऊ की इंजिन? जीपची बॉडी उतरवून चासीपर्यंत सगळी खोलावी असं मित्र म्हणतात. खरंच एवढं लागतं का? आणि गावात जो तो म्हणतो, पेट्रोल इंजिन काढ आणि डिझेल बसव. मला ते जीवावर येतं, पण कारण नीट सांगता येत नाही.

कृष्णाकाठ

भाऊ, आधी ऑइल इंजिन. उसाला वेळ असते, जीपला नाही. शब्द दिलाय हे तर आहेच.

तुमच्या इंजिनाचा काळा धूर आणि ठोका एकाच ठिकाणचा असण्याची शक्यता मोठी आहे. नोझल काढा आणि पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडं टेस्टरवर लावून बघा. फवारा धुक्यासारखा पडायला हवा आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब राहायला नको. थेंब गळत असेल तर डिझेल पूर्ण जळत नाही. त्यातून धूर होतो आणि ठोकाही. नोझल चांगलं निघालं तर मग टायमिंग बघा.

ठोका तरीही राहिला तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगकडं वळा. क्रँककेसचं दार उघडा, चक्र हातानं फिरवून पिस्टन वर आणा आणि रॉड धरून वर-खाली हलवा. बोटांना ढिलाई जाणवली तर बेअरिंग बघावंच लागेल. ह्या इंजिनात रॉडच्या तळाचा चमचा ऑइल उडवतो आणि त्यावरच सगळं वंगण चालतं. म्हणून तळातला गाळ पूर्ण काढा, कापडानं कोपरे पुसून घ्या. आपल्याकडच्या ह्या धर्तीच्या कित्येक इंजिनांत ओतकामाची वाळू आत राहिलेली मिळते. ती ऑइलबरोबर उडते आणि बेअरिंग खाते. कापूस वापरू नका, धागे आत राहतात.

चरकाला जोडण्याआधी पायाचे बोल्ट आवळा. दोन जड चक्रांचं इंजिन ढिल्या पायावर नाचायला लागलं की पट्टा उतरतो, आणि पट्टा उतरतो तेव्हा चरकात ऊस घालणारा माणूस शेजारीच उभा असतो. पट्ट्याला जाळी लावा. चरकाच्या तोंडाला लाकडी घसरण करा म्हणजे हात लाटांपर्यंत जाणारच नाही. गुऱ्हाळात बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आवर्जून लिहितो.

आता जीप. चासीपर्यंत खोलू नका. तुमचं इंजिन फिरतंय, तीन सिलिंडर जिवंत आहेत, गाडी कोरडी राहिली आहे. अशी गाडी आधी चालती करायची आणि मग एकेक भाग घ्यायचा. पूर्ण खोललेल्या गाडीचे नटबोल्ट डब्यात जातात, डबे माळ्यावर जातात आणि पुढं घरात लग्न निघालं की चासी भंगारवाल्याच्या टेम्पोत जाते. हे मी एका गावात नाही, गावोगाव पाहिलंय. तुमच्याकडं तर शेडही एकच. एका वेळी एकच यंत्र उघडं ठेवायचं, दुसरं उभं असलं तरी जोडलेलं राहू द्यायचं. हा नियम मोडू नका.

तिसऱ्या सिलिंडरचं सांगतो. ऑइल सोडूनही काटा हलला नाही म्हणजे संशय रिंगांवर नाही, वॉल्व्हवर. आणि तुमच्या जीपच्या ह्या मूळ पेट्रोल इंजिनाची, हरिकेनची, रचना वेगळी आहे. इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये, रॉकरवर चालतात. एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बाजूला. बॉनेट उंच करावं लागलं ते ह्या वरच्या वॉल्व्हमुळंच. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ब्लॉकमधला एक्झॉस्ट वॉल्व्ह गाइडमध्ये चिकटतो आणि उघडाच राहतो. तुमचा तोच असावा.

हेड लगेच उतरवू नका. ब्लॉकच्या बाजूचं टॅपेट कव्हर काढा आणि हँडलनं इंजिन सावकाश फिरवत स्प्रिंगांकडं बघा. तीन वॉल्व्ह वर-खाली होतील, एक वरच अडकलेला दिसेल. त्याच्या दांड्यावर डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण सोडा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी परत सोडा. मग वॉल्व्ह हळूहळू मोकळा करा. स्क्रू ड्रायव्हर घालून हिसका देऊ नका, स्प्रिंगचं कॉलर उडतं. मोकळा होत नसेल तरच हेड उतरवा आणि वरून लाकडी ठोकळा ठेवून हलका ठोका द्या. शेवटी क्लिअरन्स थंड इंजिनावर लावा, इनटेकला १८ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६.

रत्नांग्री_घाटवाट

माझं मत थोडं वेगळं. गाडी रोज शेतात वापरायची असेल तर डिझेलचा विचार करायला हरकत नाही. महिंद्राच्याच एमएम-५४० जीपमध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल येत होतं आणि ते सांभाळणारे मिस्त्री अजून आहेत. आमच्याकडं घाटात, लाल चिखलात डिझेलची खालच्या आरपीएमची ओढ फार कामाची ठरते. पेट्रोलचा खर्चही बघा.

नाशिक_गोदा

दादा, इंजिनातलं मला फार कळत नाही. पण वडिलांच्या जुन्या गाडीची कागदपत्रं मीच केली, म्हणून तेवढंच लिहिते.

आरसी आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारस म्हणून गाडी तुमच्या नावावर करून घ्या. त्याचा फॉर्म ३१. मग नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५. पंधरा वर्षांवरच्या गाडीला फिटनेस बघतात आणि पर्यावरण कर भरावा लागतो.

व्हिंटेज नोंदणीचाही मार्ग आहे. २०२१ मध्ये केंद्राचे नियम आले. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नको. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. तुम्हाला शेतावर आणि बाजाराला न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. पुढं कधी व्हिंटेज करायचं मनात आलं तर मूळ इंजिन जाग्यावर असलेलं बरं. डिझेल बसवलं की ते दार बंद झालं म्हणून समजा.

पत्र्याचं काम करणाऱ्याला चासी नंबरावर ग्राइंडर फिरवू देऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी नंबराचा आणि प्लेटचा फोटो काढून ठेवा.

कृष्णाकाठ

ताईंनी मोलाचं लिहिलंय. रत्नांग्री, तुमचं कोकणातलं गणित मला मान्य आहे. पण ह्या गाडीला मूळ पेट्रोल इंजिन आहे आणि ते जिवंत आहे. डिझेल बसवायचं म्हणजे माउंटिंग, बेल हाउसिंग, रेडिएटर, सायलेन्सर सगळं बदलत जायचं. त्यात टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स आणि ५.३८ गुणोत्तराचं डिफरन्शियल. खालच्या आरपीएमची ओढ हवी असेल तर ती ह्याच गाडीत आहे. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस असते, ती पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटते, आणि लो गिअरमध्ये ओढ आणखी २.४६ पट करते. पहिला गिअर आणि लो टाकून बघा, ओली बांधाची चढण गाडी चालत्या माणसाच्या गतीनं चढते. आजोबा ओढ्यातून माणसं आणायचे ते ह्यावरच.

पन्हाळा, जीपचा क्रम असा ठेवा. वॉल्व्ह मोकळा झाला की लगेच ब्रेक. मास्टर सिलिंडर एकच आहे आणि सर्किटही एकच, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून सगळे रबरी होज आणि कप नवीन घाला, दिसायला चांगले असले तरी. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला आहे. तिथलं सील गळलं की ऑइल लाइनरवर येतं आणि ब्रेक धरत नाही. आधी सील, मग लाइनर.

स्टिअरिंगचा बॉक्स लगेच खोलू नका. पुढं मधोमध बेलक्रँक आहे, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांच्या दांड्यांकडं वळवणारा लिव्हर, त्याची पिन आणि बुश झिजलेले असतात. कोणाला तरी स्टिअरिंग हलवायला सांगून खाली झोपून बघा, प्ले कुठं आहे ते डोळ्यांना दिसतं.

पेट्रोलचं एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम त्यात मऊ पडतात. इथेनॉलला टिकणारे घ्या. टाकी उतरवून आतला गंज काढा, आणि टाकी बाहेर आहे तोवरच खालचा पत्रा मारून घ्या.

पन्हाळा_वर्कशॉप

सगळ्यांचे मनापासून आभार.

नोझल टेस्टरवर लावून आणलं, थेंब गळत होता. नवीन टाकल्यावर धूर गेला आणि ठोकाही बराच उतरला. क्रँककेस उघडली तर तळाला खरंच बारीक वाळू होती. रॉड हलवून बघितला, ढिलाई लागली नाही. पाया परत भरून घेतोय, जाळीचं माप कोल्हापूरच्या उद्यमनगरात देऊन आलो. काका रोज येऊन इंजिनाशेजारी बसतात.

जीपचं फक्त टॅपेट कव्हर काढून बघितलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट वॉल्व्ह वरच अडकलाय, कृष्णाकाठ दादा म्हणाले तसाच. डिझेल-ऑइल सोडून ठेवलंय, कव्हर परत लावलंय, वर ताडपत्री. इंजिन चरकावर चालेपर्यंत तिला हात लावणार नाही. डिझेलचं आता डोक्यातून काढलं.

एकच विचारायचं राहिलं. गिअरबॉक्समधलं ऑइल ट्रान्सफर केसमध्ये जातंय असं वाटतं, एकाची पातळी उतरते आणि दुसऱ्याची चढते. ह्यासाठी दोन्ही वेगळे करावे लागतील का?

कृष्णाकाठ

सध्या नको. ह्या जोडीत ते नेहमीचं आहे. दोन्हीकडं एकच ९० नंबरचं गिअर ऑइल ठेवा, जीएल-४ दर्जाचं, जीएल-५ नको, गिअर सहज पडावा म्हणून आत पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यांना ते चांगलं नाही. पातळी दोन्ही ठिकाणी बघत जा. पुढं क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली येईल तेव्हा मधलं सील बदला.