जिलेबी खायच्या स्पर्धेत मागच्या सालचा मोठा की यंदाचा? हिशोब कसा लावा लागते?

वावरवाला_आर्वी
नमस्कार भाऊ लोकं. आमचं गाव आर्वी तालुक्यात आहे. तान्ह्या पोळ्याले लहान पोरांचे लाकडी नंदी मिरवून झाले की संध्याकाळी चौकात आमचं मंडळ जिलेबी खायची स्पर्धा ठेवते. वही माझ्याकडे असते म्हणून हे सारं माझ्या गळ्यात आलं. मागच्या साली जो जिंकला त्यानं 10 मिनिटात 24 जिलेब्या खाल्ल्या. यंदा पाऊस उतरून आला, पोट्टे भिजून राहिले होते म्हणून वेळ 7 मिनिटं केला, अन् यंदाच्यानं 19 खाल्ल्या. आता मंडळाच्या पाटीवर आजवरच्या सगळ्यात जास्तीचं एकच नाव लिहायचं आहे, पेंटर परवा येते, अन् दोन्ही घरचे लोक माझ्या अंगणात बसून गेले. 24 वाला म्हणते आकडा माझा मोठा, 19 वाला म्हणते मिनिटाले माझ्या जास्त. भागाकार केला तर मागच्याच्या मिनिटाले 2.4 येतात अन् यंदाच्याच्या 2.7 च्या वर. पण मले हे मनातून पटून नाही राहिलं, काही तरी चुकते असं वाटते. दोघंही मेहनतीचे पोरं आहेत, एकजण तर महिनाभर आधीपासून जेवण-पाण्याचं पाहत होता. अमेरिकेत ते हॉटडॉगची स्पर्धा होते म्हणतात, तिथं हे कसं ठरवतात कोणाले माहीत असेल तर सांगा. अन् हो, यंदाची 19 वी जिलेबी शिट्टी वाजली तेव्हा त्याच्या तोंडात होती, ती धरायची का नाही तेही सांगा.

रातपाळी_बडनेरा
भाऊ मी तो सामना दरसाल पाहतो. 4 जुलैले न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडले होते, नेथन्सची स्पर्धा, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. हॉटडॉग म्हणजे लांबुळक्या पावात मांसाची नळकांडी, पावासकट खा लागते. तुमचाच प्रश्न तिथंही येऊन गेला आहे. 2007 पर्यंत तिथं 12 मिनिटं होते, 2008 पासून 10 केले.

2001 मध्ये जपानचा ताकेरू कोबायाशी आला, साठेक किलोचा बारीक पोरगा. त्याच्या आधीचा विक्रम 25 च्या जरासा वर होता अन् यानं एकदम 50 खाल्ले! मोजणाऱ्यांजवळच्या आकड्यांच्या पाट्या संपल्या, हातानं लिहून दाखवा लागलं. मग 2007 ले जोई चेस्टनटनं 66 खाऊन त्याले हरवलं, कोबायाशीचे 63 झाले होते, हे दोन्ही 12 मिनिटातले. अन् 2009 ले त्याच चेस्टनटनं 10 मिनिटातच 68 खाल्ले. म्हणजे वेळ घटला तरी आकडा वाढला, तिथं भांडायले काही उरलंच नाही. आता विक्रम त्याचाच आहे, 76, साल 2021.

तुमच्याकडे मात्र वेळही कमी अन् आकडाही कमी, म्हणून नुसता भागाकार लावू नका. खाणारा काही सारख्या चालीनं खात नाही ना. पहिल्या दोन-तीन मिनिटात भुकेच्या जोरावर सपाटा असते, मग जबडा भरून येते, गिळणं जड होते, गोडाचा तर कंटाळाच येते. शंकरपटात बैलजोडी सुटल्यावर जशी धावते तशीच चाल दुप्पट अंतरावर धरंल का? 10 मिनिटवाल्याच्या सरासरीत शेवटचे तीन जड मिनिटं मिसळले आहेत, 7 वाल्याच्या सरासरीत ते नाहीतच. मागच्या सालचा व्हिडिओ कोणाच्या तरी मोबाईलात असंलच, त्यात सातव्या मिनिटाले त्याच्या किती झाल्या होत्या ते मोजा.

तोंडातल्या घासाचं म्हणाल तर तिथं शिट्टीच्या वेळी तोंडात असलेलं धरतात, पण ते गिळून दाखवा लागते, अन् उलटी झाली की बाद. अर्धा-चतकोर तुकडाही मोजतात, कोबायाशीचा 2006 चा आकडा 53 अन् पाऊण होता.

कढईवाला
माझा धंदाच हा आहे म्हणून बोलतो. तुम्ही नग मोजून राहिले, वजन कोण पाहिलं? जिलेबी काही साच्यातून निघत नाही. हात फिरवणाऱ्यानं तीन वेटोळे काढले तर एक वजन, चार काढले तर दुसरं, पीठ पातळ झालं तर पसरते अन् आतून पोकळ राहते, घट्ट असलं तर भरीव येते. वरून पाक. कढईतून काढून गरम गरम पाकात टाकली अन् जरा दाबून ठेवली तर असा पाक पिते की हातात धरली तर मनगटापर्यंत ओघळ येते. तीच जिलेबी दोन तास परातीत राहिली की वरून साखर धरते, चामट होते, ती तोडायलेच दातांना वेळ लागते. गरम जिलेबी चार चावण्यात खाली जाते, थंड जिलेबीले दहा-बारा चावणे लागतात. दोन्ही सालच्या किलोमागं किती बसत होत्या ते आधी सांगा, अन् गरम होत्या का थंड तेही.

वावरवाला_आर्वी
कढईवाले भाऊ तुम्ही बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं. मागच्या साली आमच्याच गावचा आचारी होता, चौकातच भट्टी लावली होती, गरम गरम वाढल्या होत्या. वहीत माल किती आणला अन् नग किती झाले ते लिहिलेलं आहे, किलोले 20 बसल्या. यंदा तालुक्याहून डब्यात आणल्या, दुपारीच आल्या होत्या, किलोले 16 बसल्या. म्हणजे मागची एक 50 ग्रॅमची अन् यंदाची 62 च्या वर. काल रात्री बसून हिशोब केला: मागचा 1200 ग्रॅम, यंदाचा 1187 ग्रॅम. 13 ग्रॅमचा फरक! मी वही दोनदा तपासली.

व्हिडिओही सापडला, चुलतभावाच्या पोराच्या मोबाईलात होता. सात मिनिटं झाले तेव्हा मागच्याच्या 20 झाल्या होत्या, म्हणजे 1000 ग्रॅम. नंतरच्या तीन मिनिटात फक्त 4. रातपाळी भाऊ म्हणाले तसंच झालं, शेवटी तो पोरगा नुसता गाल फुगवून बसला होता, डोळे मिटून गिळत होता, पाहूनच जीव कासावीस होते. पण अजून एक गोष्ट दिसली जी मी विसरलो होतो, मागच्या साली सगळ्यांपुढं दुधाची वाटी ठेवली होती अन् तो जिलेबी दुधात बुडवून खात होता. यंदा दूध नव्हतं.

रातपाळी_बडनेरा
मग तर गोष्टच बदलली भाऊ. बुडवणं हीच तर मोठी चावी आहे. कोबायाशीनं 2001 ले तेच केलं होतं, नळकांडी मधून मोडायची, दोन्ही तुकडे संगच तोंडात, अन् पाव पाण्यात भिजवून पिळून गिळायचा. आता सारेच तसं करतात. 2024 च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सवर चेस्टनट अन् कोबायाशी पुन्हा समोरासमोर बसले तेव्हा नियमच केला की पाव बुडवायचा नाही. तरी चेस्टनटनं 83 खाल्ले अन् कोबायाशीनं 66. कोबायाशीचं वय तेव्हा 46 होतं, 66 म्हणजे त्याच्या कोनी आयलंडच्या कोणत्याही आकड्यापेक्षा वर, मले त्या रात्री त्याच्यासाठी फार वाईटही वाटलं अन् अभिमानही वाटला. तर सांगायचं म्हणजे 83 झाले तरी कोनी आयलंडचा विक्रम 76 च राहिला. जागा वेगळी, नियम वेगळे, तर ओळ वेगळी. कोणी कोणाचा आकडा खोडला नाही.

माझं मत विचाराल तर यंदाचा पोरगा सरस आहे. थंड चामट माल, दूध नाही, अन् सात मिनिटात मागच्यापेक्षा 187 ग्रॅम जास्त. पण 24 वाल्यानं जे दहा मिनिटं काढले तेही खोटे नाहीत.

तिवस्याचा_पुतण्या
आमचे आजोबा सांगत की लगनाच्या पंगतीत बुंदीचं ताट भरून खाणारे लोक होते, अन् बहिरमच्या यात्रेत एकेकजण रोडगे किती खाये त्याची गिनतीच नव्हती. ते धरले तर तुमचे 24 अन् 19 दोन्ही मागं पडतात. त्या लोकांचं नाव कोणत्या पाटीवर आहे सांगा?

कढईवाला
दादा त्यांची ताकद मीही पाहिली आहे, माझ्या बापाच्या हातचं खाऊन गेलेले लोक आहेत ते. पण पंगतीतला माणूस दोन तास बसते, मधात गोष्टी करते, वरण-भात खाते, पाणी पिते, उठून पाय मोकळे करते. पोटाले जागा करायले वेळ भेटते. याची अन् सात मिनिटाची तुलना नाही होत, वखर धरणारा बैल अन् पटातला बैल दोन्ही चांगले, पण एका दावणीले बांधून कोणता चांगला विचारत नाही आपण.

सिस्टरताई
मी उपकेंद्रात काम करते. वरचं सगळं वाचलं, हिशोब छान केला तुम्ही, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. दोन-तीन वर्षांमागे आमच्याकडच्या एका गावात उकडलेल्या अंड्यांची पैज लागली होती, पोराच्या घशात अंडं अडकलं, तोंड निळं पडलं अन् भोवतालचे लोक त्याला पाणी पाजत होते. घास अडकला तर पाणी पाजायचं नाही हो. आवाज निघत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच बंद झाला तर वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधात पाठीवर जोरात पाच थापा, नाही निघालं तर मागून कवळा घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत अन् वर असे पाच झटके, अन् तोवर दुसऱ्यानं 108 ला फोन. त्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याला हे येत होतं म्हणून तो पोरगा वाचला. तुमच्या मंडळातल्या दोघांना तरी हे शिकवून ठेवा, मी येऊन शिकवते.

दुसरं म्हणजे तयारी. काही पोरं पोट वाढवायला लोटे-लोटे पाणी एकदम पितात, त्यानं रक्तातलं सोडियम घसरते, झटके येऊ शकतात, जीवही जातो. मोठ्या खाणाऱ्यांचं पोट कसं असते ते 2007 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक्सरेवर पाहिलं होतं, साध्या माणसानं 7 हॉटडॉग खाल्ले अन् थांबला, स्पर्धेवाल्यानं 10 मिनिटात 36 खाल्ले अन् त्याचं पोट नुसतं पिशवीसारखं पसरत गेलं, ढकलायचं कामच करत नव्हतं. पुढं जाऊन असं पोट कायमचं सुस्त होऊ शकते असं त्या डॉक्टरांनी लिहिलं. आपल्या पोरांनी वर्षातून एक दिवस खावं, त्यासाठी पोट ताणत बसू नये. अन् शुगरवाल्याला नाव देऊ देऊ नका, सव्वा किलो जिलेबी गंमत नाही.

बायांची पण ठेवा ना एखाद्या साली. कोनी आयलंडच्या स्पर्धेत 2011 पासून बायांची वेगळी होते, मिकी सुडोनं 2024 ले 51 खाल्ले.

वावरवाला_आर्वी
ताई तुमचं लिहिलेलं मी आज मंडळात मोठ्यानं वाचून दाखवलं, सारे चूप होते. तुम्ही नक्की या, पुढच्या पोळ्याच्या आधी निरोप धाडतो.

पेंटर येऊन गेला. दोन्ही घरच्यांना बोलावून वही समोर ठेवली, व्हिडिओ दाखवला. पाटीवर दोन ओळी केल्या. पहिली: 10 मिनिटं, गरम जिलेबी, दुधासह, 24 नग, 1200 ग्रॅम. दुसरी: 7 मिनिटं, थंड जिलेबी, दुधाशिवाय, 19 नग, 1187 ग्रॅम. दोघांचे नावं सारख्याच अक्षरात. 19 वा नग धरला, त्यानं गिळून तोंड उघडून दाखवलं होतं हे पंचानं सांगितलं. 24 वाल्याचा बाप जरासा नाराज होता, म्हणे खाली जागा कशाले सोडली. मी म्हटलं पुढच्या सालासाठी, वेळ 7 मिनिटंच राहील, भट्टी चौकात लागंल, दूध कोणालेच नाही, अन् ताटात नग नाही, दीड किलो तोलून ठेवू अन् उरलेलं पुन्हा तोलू. कढईवाले भाऊ, गाव आर्वीपासून लांब नसंल तर तुम्हीच या ना जिलेबी काढायले.

कढईवाला
येतो. तराजू माझाच आणतो, पाच ग्रॅमही दाखवते.