ज्वारी आपली आणि गहू परका? शेती सुरू झाली तरी कुठे?

तळजाईकर:
तळजाईच्या टेकडीवर सकाळी आमचा कट्टा जमतो. सध्या एका काकांनी डोकं उठवलंय. त्यांचं म्हणणं, शेतीची सुरुवात भारतातच झाली, ज्वारी-बाजरी मूळची आपली आणि गहू परकीयांनी आणला, म्हणून पोळी सोडा. पोळी सोडायला माझी हरकत नाही, पण हे खरं आहे का? जगात पहिली शेती कुठे झाली? आणि आपल्या पुण्याच्या परिसरात लोक केव्हापासून शेती करतात? लिंका नकोत, कोणीतरी समजेल असं सांगा.

वाटाड्या:
गहू पश्चिम आशियातलाच, एवढ्यापुरतं काकांचं बरोबर. बाकी घोडकाठ आले की लिहितील, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो. (मका मेक्सिकोचा, हे मला माहीत आहे.)

घोडकाठ:
शिरूर तालुक्यातला आहे. नोकरीभर कृषी सहायक होतो, आता मुलाकडे हडपसरला असतो.

काकांना निरोप द्या की ज्वारीही बाहेरचीच. ती आफ्रिकेची. सुदानच्या पूर्व भागात साधारण ५,००० वर्षांपूर्वीची खापरं सापडली, त्यांच्या मातीत ज्वारीचा भुसा मळलेला होता. त्याचे ठसे अजून दिसतात. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची, मालीकडची. नाचणी पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरांमधली. ही मंडळी आपल्याकडे आली गेल्या चार हजार वर्षांत. मिरची, शेंगदाणा, बटाटा तर पोर्तुगीज आल्यानंतरचे, अमेरिकेतले. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी, म्हणजे ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो ते सगळं ताट दोन खंडांतून आलेलं. इथलंच काही हवं असेल तर तूर आहे, मूग आहे, तीळ आहे. आणि हुलगा, ज्याला आता कोणी विचारत नाही. हुलग्याचं माडगं पिऊन बघा म्हणावं.

पहिली शेती कुठे, याला एक उत्तर नाही. तुर्कस्तानच्या दक्षिण भागापासून सीरिया, इराक, इस्राएलपर्यंतच्या चंद्रकोरीसारख्या पट्ट्यात ११,००० वर्षांपूर्वीच्या आसपास गहू, जव, मसूर, हरभरा. चीनमध्ये यांगत्सेच्या काठी भात आणि उत्तरेला पीत नदीकडे राळा, वरई. मेक्सिकोत तेओसिंते नावाच्या गवतापासून ९,००० वर्षांपूर्वी मका. न्यू गिनीच्या डोंगरांत अळू आणि केळी. मका करणाऱ्याला भात करणाऱ्याचा पत्ताही नव्हता. आपल्या उपखंडात सगळ्यात जुनं ठिकाण बलुचिस्तानातलं मेहरगढ, आणि तिथलंही मुख्य पीक जवच.

मला यात सगळ्यात भारी वाटतो तो कणसाचा भाग. रानगव्हाचं कणीस पिकलं की आपोआप तुटतं आणि दाणे खाली सांडतात. गवताच्या सोयीचं तेच. पण क्वचित एखाद्या रोपात दोष असतो, त्याचे दाणे कणसातच राहतात. आता तुम्ही विळा घेऊन गेलात तर घरी काय येणार? न सांडलेलं. पुढच्या साली पेराल तेही तेच. असं हजार-दोन हजार वर्षं चाललं आणि माणसाने पेरल्याशिवाय ज्याचा वंश टिकत नाही असा गहू तयार झाला. त्या लोकांच्या मनात असलं काही नव्हतं. ज्यांनी तीळ केलाय त्यांना हे लगेच पटेल. काढणी चार दिवस लांबली की बोंडं तडकतात आणि माल मातीत. तिळाने ती जुनी खोड अजून सोडलेली नाही.

आता पुण्याचं. आमच्या घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास तिथे वस्ती झाली. मुख्य पीक जव. जोडीला थोडा गहू, मसूर, वाटाणा. नदीचं पाणी घ्यायला पाट खणला होता आणि त्याला दगड-मातीचा बांध घातला होता. धान्याचं कोठार होतं. इ.स.पू. १००० नंतर मात्र हवा कोरडी होत गेली. चौकोनी ऐसपैस घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार आणि मेंढरं वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं.

शिरूरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. पाऊस हलला की आधी जवाला पाणी पुरत नाही, मग माणूस जनावरांच्या मागे निघतो. दिवाळीनंतर आमच्याकडचे धनगर आजही मेंढरं घेऊन कोकणात उतरतात.

मावळचा_पोर:
वाह! आमच्याकडे अजून भाताला राब भाजतात. झाडाचे टहाळे, शेण, पालापाचोळा पसरून जाळायचं आणि त्या राखेत रोप टाकायचं. याला फिरती शेती म्हणायचं का?

घोडकाठ:
नाही, तुमचं खाचर जागेवरच असतं. फिरती शेती म्हणजे ईशान्येकडची झूम. जंगलाचा तुकडा तोडून जाळायचा, दोन-तीन पिकं घ्यायची आणि जमीन सोडून पुढे जायचं. मागच्या तुकड्याला पुन्हा रान व्हायला वेळ मिळाला तर ही पद्धत वाईट नाही. तो वेळ कमी झाला की जमीन उतरते. राबात राखेचं तंत्र तेच, मात्र रोपाच्या वाफ्यापुरतं.

शाळेच्या पुस्तकातली सखोल, विस्तृत, मळ्याची अशी शेतीच्या प्रकारांची यादी मी इथे देत बसत नाही. एक सांगतो. मेक्सिकोत मिल्पा म्हणतात, मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात. आपल्याकडे बाजरीत तूर आणि हुलगा टाकणाऱ्या म्हातारीने मेक्सिको नकाशावरही पाहिलेलं नसतं, पण हिशेब तोच. एक पीक गेलं तर दुसरं हाताला लागतं. उलट कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे तिकडच्या सपाट गवताळ मैदानात, एका माणसाकडे शेकडो एकर नुसता गहू, सगळं यंत्रावर. माणशी उत्पन्न प्रचंड. ते मला शेतीपेक्षा कारखान्याच्या जवळचं वाटतं, पण हा माझा हेकटपणा समजा.

शंकासुर:
शिकार करणारे लोक जास्त धडधाकट होते म्हणे. मग ही शेतीची उठाठेव केली कशाला?

घोडकाठ:
हाडं तसंच सांगतात. शेती आल्यावर पुष्कळ ठिकाणी दात किडले, उंची घटली. पण धान्य साठवता येतं, आणि माणूस एका जागी बसला की पोरंही लवकर लवकर होतात. तोंडं वाढल्यावर परत रानात जाऊन भागत नाही. इनामगावचे लोक अर्धे मागे वळले खरे, कारण भोवती चरायला मोकळं रान होतं. आज वळायला कुठे जागा आहे?

तळजाईकर:
काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे सगळं इंग्रजांनी लिहिलेलं." इनामगावच्या वस्तू कुठे बघायला मिळतात का?

घोडकाठ:
सांकलिया आणि ढवळीकर इंग्रज कधीपासून झाले? येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, तिथे बघा. मातीची एक चार पायांची मोठी रांजण आहे, त्यात माणूस मांडी घातल्यासारखा बसवून पुरला होता. ती चुकवू नका. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, आणि काकांना घेऊन जा.