साथीची खबर देणाऱ्या देशाशीच वाहतूक तोडणे कितपत योग्य?

प्रश्न :
दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी करोना विषाणूचा नवा प्रकार आढळल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. दोन दिवसांत त्याला ‘ओमिक्रॉन’ हे नाव मिळाले आणि लगोलग अनेक देशांनी दक्षिण आफ्रिका व तिच्या शेजाऱ्यांकडून येणारी विमाने थांबवली. पुढे नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरलाच घेतलेल्या नमुन्यातही हा विषाणू सापडला. मग या बंदीने काय साधले, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत तिला आधार आहे का?

उत्तर :
आधार आहे, पण सशर्त. २००५ साली संमत होऊन २००७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरू शकणारी घटना ओळखल्यापासून २४ तासांत ती कळवणे बंधनकारक आहे. संघटनेच्या शिफारशींपलीकडे जाऊन एखाद्या देशाने वाहतूक लक्षणीय प्रमाणात रोखली, तर अनुच्छेद ४३ प्रमाणे त्याने ४८ तासांत शास्त्रीय कारणे द्यायची असतात. ती दिली नाहीत तरी दंड मात्र काहीच नाही.

हा अनुभव आपल्यालाही आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आढळला, तेव्हा प्रवासावर निर्बंध नकोत असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असतानाही काही देशांनी भारताशी असलेली विमानसेवा तोडली. प्लेग हा तर त्या काळच्या नियमांत नावानिशी असलेल्या तीन रोगांपैकी एक होता. तरीही त्या देशांनी नियम पाळले नाहीत. पुढच्याच वर्षी नियमांच्या फेररचनेचा ठराव झाला. खबर देणाऱ्याचे नुकसान होणार हे दिसत असेल, तर दुसरा देश खबर देण्यास कचरेल, आणि सर्वांत मोठा धोका मला तोच वाटतो.

उत्तर :
वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु सीमाबंदी नेहमीच निरर्थक असते असे मानू नये. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या, त्या एका देशापुरत्या नव्हे, तर सर्वच परदेशी प्रवाशांसाठी. शिवाय परतणाऱ्या नागरिकांचे विलगीकरण, चाचण्या आणि संपर्कशोध यांची जोड दिली. समुद्राने वेढलेल्या देशाला हे जमले. हजारो किलोमीटरच्या भूसीमा असलेल्यांना ते तसेच जमेल असे नाही. विषाणू आत आल्यावर निवडक देशांवर घातलेली बंदी ही निराळी गोष्ट आहे.

प्रश्नकर्ता :
दोन्ही उत्तरांबद्दल आभार. मग खबर देणाऱ्याला संरक्षण कोठून मिळणार? मे २०२५ मध्ये संमत झालेल्या महासाथ करारात तशी काही तरतूद आहे का?

उत्तर :
प्रवासबंदी घालण्याचा वा उठवण्याचा आदेश देण्याचा अधिकार या कराराने संघटनेच्या सचिवालयाला दिलेला नाही. तो निर्णय देशांकडेच राहिला. रोगजंतूंचे नमुने आणि माहिती पुरवणाऱ्यांना लशी व औषधांत न्याय्य वाटा मिळावा, हे तत्त्व मात्र त्यात आले आहे. माझ्या मते त्याला आर्थिक भरपाईची जोड हवी, कारण विमाने थांबल्यामुळे बुडणारे पर्यटन आणि निर्यात लशींच्या वाट्याने भरून निघत नाही.