कूस बदलायची कोणाची आधी?

दर दोन तासांनी कूस बदलली की बेडसोअर (अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सतत दाब पडून होणारी जखम) होत नाही, त्याला कॉम्प्युटर कशाला, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. कूस माणसालाच बदलावी लागते, खरं आहे. पण शुश्रूषेतल्या ४० जणांत आधी कोणाकडे धावायचं, हे कळायला कॉम्प्युटरचा रिपोर्ट लागतो.

अमेरिकेत एएचआरक्यू या सरकारी संस्थेचा 'ऑन-टाइम' उपक्रम नेमका यासाठीच होता, तोही नर्सिंग होममध्ये. (तिथलं नर्सिंग होम म्हणजे वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी जागा, आपल्याकडचं बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल नव्हे.) जेवण किती गेलं, लघवी-शौचावर ताबा आहे का, वजन उतरलं का, अशा मदतनिसांच्या रोजच्या नोंदींतूनच जास्त धोका असलेल्यांची आठवड्याची यादी निघायची. बेडसोअरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलचा आकडा (६ ते २३, १८ किंवा कमी म्हणजे धोका) त्या दिवसापुरता. जेवण सलग घटतंय हे मात्र आठवड्याच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावरच दिसतं, आणि आहारतज्ज्ञाला जखम व्हायच्या आधी बोलावता येतं.

मेडिकेअरने (तिथली मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) ऑक्टोबर २००८पासून हॉस्पिटलात झालेल्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या, म्हणजे खोल गेलेल्या बेडसोअरचे जादा पैसे देणं थांबवलं. मग हॉस्पिटलांच्या व्यवस्थापनांनाही अशा आकड्यांत रस वाटला तर नवल नाही!

माझी शंका वेगळीच आहे. शिफ्ट संपताना सगळे रकाने एका दमात 'नॉर्मल' भरले, तर रिपोर्टही तसाच निघणार ना?